मंदावलेली बरणी

पुढच्या नाताळासाठी म्हणून गेल्या हिवाळ्यात मी दीड किलो मध पाण्यात कालवून, यीस्ट घालून, मद्यासाठी साडेचार लिटरांची बरणी भरली. आठवडा लोटला तरी बुडबुडे तुरळकच. यीस्टलाच दोष देऊन मी ते पुन्हा घातले, व्यर्थ! मधात साखर विपुल, परंतु यीस्टच्या वाढीस लागणारे नत्र अत्यल्प. त्यात फरशीचा गारठा. बरणी उबेत हलविली, यीस्टचे पोषक द्रव्य बेताने घातले, हळुवार ढवळले. दोन दिवसांत फेस आला. हायड्रोमीटरचा आकडाही उतरू लागला.

त्याच आठवड्यात पाठांतरात मागे पडणाऱ्या एका मुलास मी आळशी म्हणून रागावलो होतो. त्या संध्याकाळी त्यास जवळ बोलावून विचारले, “बाळ, सकाळी काही खाल्ले होतेस का?”

त्याने खाली पाहून नकारार्थी मान हलविली.