फॉरमॅट मारण्याआधी

लॅपटॉप सुरू होईना झाला की दुरुस्तीच्या दुकानात पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून टाकू’. विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकताना गाडी अडली, तर हा सल्ला फार महागात पडतो. अशा वेळी बहुधा काहीच पुसलं गेलेलं नसतं. फोटो, हिशेब, विंडोज सगळं जागच्या जागी असतं. तिथवर पोहोचण्याची वाट तेवढी बंद झालेली असते. फॉरमॅट मारला की मात्र खरोखरच जातं.

सध्या माझ्याकडे अशी मशिन्स वाढली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला दिला जाणारा आधार संपवला. विंडोज ११ला टीपीएम २.० चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून धडधाकट जुन्या लॅपटॉपवर लोक उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकतात. पण कुणाला टॅली हवं असतं, कुणा डीटीपीवाल्याला श्रीलिपी, म्हणून विंडोजही ठेवावं लागतं. आलेल्या प्रत्येकाला मी एकच विचारतो : थांबला नेमका कुठे?

पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू झालं, पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, हे पहिलं ठिकाण. डिस्क खराब आहे असं समजून लोक नवी घ्यायला निघतात. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांवर डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि काही इन्स्टॉलरना तिच्यापलीकडचं दिसत नाही. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडीऐवजी एएचसीआय निवडलं की डिस्क दिसते, पण लगेच विंडोज निळा पडदा दाखवून अडतं. म्हणून आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोस बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचं आणि ती सूचना काढून टाकायची. विंडोज नव्या व्यवस्थेसाठीचा ड्रायव्हर आपला आपण उचलतं.

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं. डिस्क दिसते, पण ‘विंडोजच्या शेजारी टाका’ हा पर्याय येत नाही. समोर असतो तो ‘सगळी डिस्क पुसा’. घाईत तोच दाबला जातो. पर्याय न येण्याची कारणं मात्र साधी असतात. विंडोज यूईएफआय पद्धतीचं आणि पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने सुरू झालेला, हे एक. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असली, तर तिच्यात प्राथमिक पार्टिशनं चारच बसतात आणि कंपनीने चारही आधीच वापरलेली असतात, हे दुसरं. हाताने पार्टिशनं करायला बसलेले लोक ‘हे १०० एमबी कशाला’ म्हणून एक चिमुकलं पार्टिशन उडवतात. सुरू कुठून व्हायचं याची माहिती नेमकी त्याच ईएफआय पार्टिशनमध्ये असते.

तिसरं ठिकाण इन्स्टॉलेशननंतरचं. मशिन थेट विंडोजमध्येच जातं, तेव्हा बायोसमधला बूट क्रम बदलून बहुतेक वेळा भागतं. उलट, सुरुवातीला प्रणाली निवडायला देणाऱ्या ग्रबच्या यादीत विंडोज दिसत नसेल, तर ग्रबचं २.०६ हे रूप आठवावं : २०२१ सालच्या या आवृत्तीपासून डिस्कवरच्या इतर प्रणाली शोधण्याचं काम मुळातच बंद ठेवलेलं आहे. सेटिंगमधली एक ओळ बदलून यादी नव्याने करायची.

पडद्यावरचा संदेश शांतपणे वाचला तर निम्मं काम होतं. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजचा एक अपडेट आला आणि जगभर अनेकांचं शेजारचं लिनक्स उघडेना. ‘शिम’ आणि ‘एसबॅट’ हे शब्द पडद्यावर स्पष्ट होते. अडवत होतं ते सिक्युअर बूट. ते तात्पुरतं बंद करून लिनक्समधून अपडेटने घातलेला नियम काढता येत होता. डिस्कला कुलूप लावणारा विंडोजचा बिटलॉकर ४८ अंकी किल्ली मागतो तेव्हाही लोक व्हायरस समजतात. बूटच्या वाटेत बदल झाल्याचं टीपीएमला जाणवलेलं असतं, एवढंच. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असू शकतं. किल्ली बहुधा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. पण या एका ठिकाणी किल्ली मिळालीच नाही, तर माहिती डिस्कवर असूनही गेल्यात जमा.

काही तक्रारी तर बिघाडच नसतात. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडतं, कारण मशिनमधल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की मिटलं. लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडतो पण त्यात लिहिता येत नाही, यामागे असतं विंडोजचं फास्ट स्टार्टअप. वही उघडी ठेवूनच दुकानदाराने शटर ओढावं, तसं ते शट डाउन अर्धवट असतं. त्या वहीत लिहायला लिनक्स नकार देतं, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर, बिटलॉकरची किल्ली कागदावर, फास्ट स्टार्टअप बंद, जागा मोकळी करायची ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. मग पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून वायफाय, आवाज आणि टचपॅड तपासायचे. कॉलेजच्या एखाद्या प्रॅक्टिकलपुरतंच लिनक्स हवं असेल, तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरतं. डिस्कला हातही लावावा लागत नाही. आणि प्रत घ्यायला बाहेरची डिस्क नाही असं कुणी म्हणालं, तर लिनक्स टाकायचा बेत मी तिथेच थांबवतो. आधी ती डिस्क आणा, मग बसू.