जुन्या पुस्तकातलं उत्तर

‘पेपर कितीला घेतला?’ 2024च्या जूनमध्ये लातूर-नांदेडकडच्या कितीतरी पोरांना हा प्रश्न लग्नघरात, एसटीत, चुलत्याच्या ओसरीवर ऐकावा लागला. 4 जूनला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला, 67 जणांना 720 पैकी 720 पडले आणि देशभर गदारोळ उठला. त्याच महिन्यात याच परीक्षेतल्या गैरप्रकाराच्या संशयावरून लातुरात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना एटीएसनं ताब्यात घेतलं. शिवाजीनगर ठाण्यात गुन्हा दाखल झाला, पुढे तपास सीबीआयकडे गेला. तो खटला त्याच्या वाटेनं जाईल. पण त्या दिवसापासून आमच्या भागातल्या चांगल्या गुणांकडे लोक डोळे बारीक करून बघू लागले.

मी नांदेडला संख्याशास्त्र शिकवतो. तेव्हा पालक येऊन विचारत, ‘सर, आकड्यांवरून कॉपी ओळखू येते का?’ संशय ओळखू येतो. गुन्हा ओळखू येत नाही. या दोन्हींमधल्या फरकात एका लेकराचं आयुष्य असतं, म्हणून हे नीट सांगायला हवं.

आपल्याकडे कॉपी नव्हती असं मी म्हणणार नाही. डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्त अभियान याच नांदेडात उभं राहिलं, ते काही उगाच नाही. पण शेजारच्या लातुरात राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी सराव चाचण्यांवर चाचण्या घेत ‘लातूर पॅटर्न’ घडवला, हेही तितकंच खरं. बाहेरच्याला यातलं पहिलंच पटकन आठवतं.

कॉपी शोधणारं गणित असं चालतं. दोन उत्तरपत्रिकांतली बरोबर उत्तरं जुळली तर त्यात विशेष काही नाही, अभ्यास केलेल्या सगळ्यांची जुळतात. खरा संशय येतो तो चुकीची उत्तरं जुळल्यावर. चार पर्यायांतला तोच चुकीचा पर्याय दोघांनी वारंवार निवडला, तर योगायोगाची शक्यता झपाट्यानं खाली येते. पण यात एक गृहीत दडलेलं आहे: दोघं एकमेकांपासून स्वतंत्रपणे चुकतात. एकाच शिकवणीत, त्याच सरांच्या नोट्स पाठ करत दोन वर्षं काढलेली पोरं स्वतंत्रपणे चुकत नाहीत.

त्याच नीटमध्ये याचा धडधडीत पुरावा मिळाला. भौतिकशास्त्राचा एक प्रश्न अणूवर होता. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं छापलं होतं, नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असं झालं. जुनं पुस्तक वाचलेल्या चार लाखांहून अधिक मुलांनी एकच उत्तर दिलं. आधी ग्राह्य धरलेलं ते उत्तर आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी चुकीचं ठरवलं. दरम्यान काही मुलांच्या फेरपरीक्षेनंतर 67चे 61 झाले होते, तज्ज्ञांच्या या निर्णयानंतर पूर्ण गुणांचे 17च उरले. आता सांगा, या लाखोंनी कुणाची कॉपी केली? थोरल्या भावाचं पुस्तक वापरलं, एवढंच. आमच्याकडे कंधार-मुखेडच्या घरांत पुस्तकं अशीच उतरत येतात, आणि म्हणूनच सारख्या चुका गरिबाच्या वाट्याला जास्त येतात.

दुसरी गोष्ट निव्वळ संख्येची. नीटच्या एका खोलीत 24 परीक्षार्थी बसतात, म्हणजे 276 जोड्या. त्या वर्षी परीक्षेला बसले 23 लाखांवर, खोल्या भरतात 97 हजारांच्या आसपास. साऱ्या जोड्या मिळून अडीच कोटींवर जातात. दहा लाखांत एकदाच चुकणारी, इतकी काटेकोर कसोटी लावली, तरी पंचवीसेक निर्दोष जोड्या जाळ्यात सापडणारच. त्यातल्या एका मुलीसमोर ‘दहा लाखांत एक’ हा आकडा ठेवला, तर ती काय उत्तर देणार?

1982 साली लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हेच घडलं. हायमे एस्कलांते या शिक्षकाच्या मेक्सिकन वस्तीतल्या मुलांनी कॅल्क्युलसची परीक्षा उत्तीर्ण केली. उत्तरांतलं साम्य बघून परीक्षा मंडळानं 14 जणांवर संशय घेतला. त्यांतल्या 12 जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही पास झाले. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, मग घ्या की फेरपरीक्षा! मला ते मान्य नाही. पुन्हा पास झाला तर संशय फिटतो, पण गुण घसरले तर चोरी सिद्ध होत नाही. शिखरावरचे गुण दुसऱ्या वेळी थोडे खाली येणं हा आकड्यांचा स्वभावच आहे, त्यात आरोपाखाली रात्री काढलेल्या पोराचा हात थरथरणार.

सर्वोच्च न्यायालयानं 20 जुलैला केंद्रनिहाय निकाल जाहीर करवून घेतले आणि 23 जुलैला सरसकट फेरपरीक्षा नाकारली. हजारीबाग आणि पाटण्याला पेपर फुटला हे मान्य केलं, पण सगळ्या देशाची परीक्षा नासल्याचा पुरावा नाही, असं म्हटलं. गुन्हा जिथं झाला तिथं तो शोधायचा, ही दिशा मला योग्य वाटते.

तीच दिशा एकेका विद्यार्थ्यापर्यंत यायला हवी. नोटीस बजावताना कोणते प्रश्न जुळले, कुणाशी जुळले, दोघांची आसनं किती अंतरावर होती, प्रश्नसंच एकच होता की वेगळे, कॅमेऱ्यात काय दिसलं, हे सगळं त्याच्या हातात द्यावं. त्याच्या शिकवणीतल्या इतरांनीही तीच चूक केली आहे का, हे आधी तपासावं. आणि निर्णय प्रवेशाच्या पहिल्या फेरीआधी द्यावा. दिवाळीनंतर निर्दोष ठरलेल्या मुलीची वैद्यकीयची जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेलेली असते, ती परत करण्याची तरतूद कुठल्याच नियमात मला सापडलेली नाही.