दगडी इमारतीचं वीजबिल

जुन्या वास्तूंचं जतन आणि त्यांची वीजबचत हे माझं काम. पहिल्या बैठकीतला प्रश्न ठरलेला असतो : "एसी कुठे बसवायचा आणि सोलर कुठे?" मी म्हणते, आधी इमारत स्वतः काय करते ते पाहू.

मुंबई विद्यापीठाचं फोर्टमधलं दीक्षान्त सभागृह १८७४चं. ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८चे. आराखडे लंडनहून आले; ते करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलाच नाही. तरी ग्रंथालयाला कमानींचे व्हरांडे आहेत आणि तोंड पश्चिमेला, ओव्हल मैदानावरून येणाऱ्या समुद्रवाऱ्याकडे आहे. पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत जेम्स ट्रबशॉची. १८६४ ते १८७१ या काळात ती गव्हर्नरच्या निवासासाठी बांधली गेली.

दोन्हीकडे जाड दगडी भिंती, पण उपाय एक नाही. पुण्यात एप्रिलची दुपार चाळिशीला टेकते, रात्र मात्र गार होते. रात्री खिडक्या उघडून भिंती थंड करून घ्यायच्या, ऊन चढण्याआधी बंद करायच्या. तो गारवा दुपारी पुरतो. मुंबईत दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही आणि हवा दमट, म्हणून तिथे भिंतीपेक्षा वारा कामाचा. युरोपात अशा भिंतींना आतून उष्णतारोधक थर देतात, कारण तिथे ऊब राखायची असते. तोच थर पुण्यात लावला, तर भिंतीचा गारवा खोलीपर्यंत पोचणारच नाही.

एका जुन्या महाविद्यालयाच्या वाचनकक्षात फॉल्स सीलिंग उतरवलं, तर वर झडपांची रांग निघाली. ऑइलपेंटच्या थरांनी त्या चौकटीला चिकटलेल्या; पितळी कप्पीत दोरीचा तुकडा अडकलेला. शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, मार्चात ही दोरी ओढायची आणि पावसाआधी सोडायची." रंग खरवडला, कप्पीला तेल दिलं, नवी दोरी ओवली. छताखाली कोंडलेली गरम हवा बाहेर पडू लागली.

मग पंखे. साधा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) साधारण ३० वॅटचा. दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर पंख्यामागे ९० युनिट वाचतात. वायरिंगसाठी दगडाला भोक पाडायचं नाही. खिळा सांध्यातच मारायचा. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंटचा ती भिंतीत कोंडतो. अशा ओल्या खोलीत एसीलाही जास्त राबावं लागतं. सोलर पॅनेल जुन्या कौलांवर नकोत, आवारातल्या नव्या इमारतीच्या गच्चीवर लावा. हस्तलिखितांच्या खोलीला एसी हवा, पण चोवीस तास. दिवसा चालू, रात्री बंद, असं केलं तर आर्द्रता वरखाली होते आणि कागद खराब होतो.

माजी विद्यार्थी आपल्या कॉलेजला हौसेनं एसी भेट देतात. यंदा देणगी द्यायची असेल, तर खिडक्या-झडपांच्या दुरुस्तीला द्या. देणगीदाराच्या नावाची पाटी तिथेही लावता येते.