कानांची गादी

आमच्या घरी मोडलेली वस्तू टाकून देत नाहीत. ती माळ्यावर चढते. आमचे मेहुणे मात्र निराळ्या पंथाचे. ते ती दुरुस्त करतात. वय शहाऐंशी, मुक्काम खडकवासल्याला, धरणाच्या पाण्याकडे तोंड केलेल्या गॅलरीत.

यंदा त्यांच्या दवाखान्यात नातीचा हेडसेट दाखल झाला. ती बारामतीला विमान चालवायला शिकते. हेडसेट कुणाचा तरी वापरलेला, स्वस्तात घेतलेला. त्याचा माइक बोलता बोलता मुका होई.

"आजोबा, नवाच घेते," ती म्हणाली. नव्याची किंमत ऐकून तिच्या वडिलांनी उगीचच चष्मा पुसला.

"काय?" मेहुण्यांनी विचारले. ते प्रत्येक वाक्याला असेच विचारतात. तरुणपणी त्यांनी कानांत कापसाचे बोळे घालून पिस्टन इंजिनाची लहान विमाने चालवली. अशा विमानात 90 ते 100 डेसिबलचा कल्लोळ असतो. 85 च्या पुढच्या आवाजात वर्षानुवर्षे तासन्‌तास बसले की कानातल्या नाजूक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी उंच, बारीक आवाज जातात.

आता यावर शास्त्र निघाले आहे. अमर बोस या बंगाली पित्याच्या अमेरिकन प्राध्यापकांना 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानातच ते सुचले, आणि 1989 मध्ये वैमानिकांसाठी तसा हेडसेट बाजारात आला. आतला छोटा माइक गोंगाट ऐकतो आणि त्याच्या नेमका उलटा आवाज सोडतो. दोघे एकमेकांना गिळतात. (भाऊबंदकीत हे का जमत नाही, कोण जाणे!) पण ही युक्ती इंजिनाच्या जाड घरघरीपुरती. उंच आवाज अडवायचे ते कानाभोवतीच्या गादीनेच.

आणि गादीच तर मेली होती. घामाने कडक झालेली, शिवणीत उललेली. मेहुण्यांनी ती नखाने कडेवरून सोलून काढली व नवी मागवली. बॅटरीच्या घरात पांढरी बुरशी धरली होती; ती लिंबाच्या रसाने पुसली. मग वायर बोटांत धरून इंचाइंचाने वाकवत गेले. प्लगच्या मुळाशी येताच नातीने हात वर केला. तुटलेली तार वरून दिसत नाही. चार बोटे वायर कापून त्यांनी जुन्याच प्लगला डाख दिला. माइकचा प्लग दुसऱ्याहून किंचित बारीक असतो. तपकीर गल्लीत पहिल्या दुकानात मिळेल, अशातला तो नव्हे.

"चष्म्याची काडी बारीक घे," ते नातीला म्हणाले. "जाड काडीने फट राहते."

तिन्हीसांजेला नवी गादी बसली. नात हेडसेट चढवून गॅलरीत उभी राहिली.

"रातकिडे?" मेहुण्यांनी ऐकू न येणाऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात विचारले.

तिने मान हलवली. नाहीत.

त्यांनी काढ म्हणून खूण केली. "आता?"

"खूप आहेत, आजोबा."

"काय?"

"खूप!" ती ओरडली.