चित्र पाठवावे की पत्ता

संगणकावर सुरू असलेला कार्यक्रम तारेविना दूरचित्रवाणी संचावर नेण्याच्या दोन रीती रूढ आहेत, आणि पडद्यावर दिसणारे चित्र दोन्हींत सारखेच भासत असले तरी त्यांची घडण मुळातच वेगळी आहे. पहिल्या रीतीत संगणक स्वतःच्या पडद्यावर उमटलेले चित्रच उचलून संचाकडे पाठवतो, तिला मिररिंग म्हणतात. दुसऱ्या रीतीत तो फक्त त्या कार्यक्रमाचा इंटरनेटवरील पत्ता कळवतो आणि संचाला जोडलेले छोटे उपकरण त्या पत्त्यावरून कार्यक्रम स्वतः आणून दाखवते, तिला कास्टिंग म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरी या दोन्ही रीती बराच काळ वापरल्या गेल्या, आणि तारेविना प्रक्षेपणाच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका भेदाशी जाऊन पोहोचते, असे त्या वापरातून दिसून आले.

हा वापर सुरू होण्यामागचे कारण साधे होते. मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हापासून कार्यक्रमाची वेळ केंद्राने ठरवायची आणि प्रेक्षकाने ती पाळायची हीच पद्धत होती, आणि लेखकाच्या आईचे दूरचित्रवाणी पाहणे याच शिस्तीत घडले होते. हॉटस्टार २०१५ मध्ये, नेटफ्लिक्सची भारतातील सेवा २०१६ मध्ये आणि झी५ २०१८ मध्ये आल्यानंतर मराठी घरांतही प्रेक्षक हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी मागवू लागला. मात्र घरातील संच स्मार्ट टीव्हीच्या आधीच्या पिढीतला, चित्र उत्तम पण इंटरनेटशी संबंध नाही असा होता, आणि मागवलेली नाटके व चित्रपट लेखकाच्या लॅपटॉपवर, म्हणजे पंधरा इंची पडद्यावर, पाहावे लागत होते. ज्यांची नजर वयोमानाने मंदावली आहे त्यांनी टेबलाशी ताठ बसून दोन अंकी नाटक पाहावे, ही अपेक्षा कोणत्याही घराने करू नये. एचडीएमआय केबल लावता आली असती, परंतु ती दिवाणखान्यातून आडवी जाणार होती आणि वृद्ध माणसाच्या वाटेत पायात येणारी तार ठेवणे कोणालाच मान्य नव्हते.

प्रारंभी मिररिंगचा अवलंब झाला, कारण त्यासाठी संगणकात सोय आधीच होती. या रीतीचा इतिहास फार जुना नाही: इंटेल कंपनीने २०१० मध्ये वायडाय नावाने ती आणली, वायफाय अलायन्स या संघटनेने २०१२ मध्ये मिराकास्ट हे सर्वसामान्य मानक प्रमाणित केले, त्याच वर्षी ॲपलच्या संगणकांवर एअरप्लेद्वारे पडदा पाठवणे शक्य झाले आणि २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये मिराकास्टचा समावेश झाला. मिररिंगमध्ये लॅपटॉपवर किती भार पडतो हे समजण्यासाठी एक हिशेब पुरेसा आहे. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात, प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट लागतात आणि सेकंदाला २५ चित्रे दाखवायची म्हटली तर एका सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एवढा ऐवज घरातील वायफायवरून नेणे व्यवहार्य नसल्यामुळे चित्र आवळून पाठवावे लागते, आणि या आवळण्यालाच एन्कोडिंग म्हणतात. इंटरनेटवरून येणारा कार्यक्रम आधीच आवळलेला असतो. लॅपटॉप तो उलगडतो, पडद्यावर मांडतो, मांडलेले चित्र टिपून पुन्हा आवळतो आणि मग संचाकडे धाडतो. दोनदा आवळल्यामुळे बारकावे पुसट होतात, प्रक्रियेला वेळ लागतो, आणि यंत्र इतके राबते की लेखकाच्या लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज नाटकातील शांत प्रवेशांमध्ये स्पष्टपणे कानी येत असे.

याहून त्रासदायक बाब म्हणजे चित्राचे अडखळणे. आवाजाला थोडेच बिट लागत असल्याने तो बहुधा टिकून राही, मात्र चित्राच्या चौकटी मध्येच गळत आणि पात्राचे ओठ व शब्द यांची फारकत होई. मराठी नाटकाचा प्राण संवादात असतो, आणि ज्यांना ऐकूही किंचित कमी येते असे प्रेक्षक ओठांच्या हालचालीवरून अर्धा शब्द ओळखत असतात. त्यांच्या दृष्टीने ही फारकत म्हणजे केवळ तांत्रिक उणीव राहत नाही, तर नाटकच हातचे जाते.

अडखळण्याचे कारण घरात येणाऱ्या इंटरनेटच्या वेगात शोधण्याची सर्वसाधारण प्रवृत्ती असते, परंतु फुल एचडी कार्यक्रमाला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वेग पुरतो, आणि लेखकाच्या घरातील जोडणी त्याच्या कितीतरी पट वेगाची होती. खरी कोंडी घरातल्या हवेत होती. ब्राउझरचा एखादा टॅब राउटरमार्गे संचाकडे पाठवला जातो तेव्हा तोच कार्यक्रम तीनदा हवेतून जातो: राउटरकडून लॅपटॉपकडे, लॅपटॉपकडून परत राउटरकडे आणि राउटरकडून संचाला जोडलेल्या उपकरणाकडे. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते, त्यामुळे हे तिन्ही फेरे परस्परांच्या वेळेतूनच वेळ काढतात. मिराकास्टमध्ये राउटर वगळून लॅपटॉप संचाशी थेट बोलतो हे खरे, तरी कार्यक्रम इंटरनेटवरूनच येत असल्याने त्याच्या एकाच रेडिओला दोन्हीकडे आळीपाळीने लक्ष द्यावे लागते. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, म्हणजे १, ६ आणि ११, असतात. सोसायटीतील शेजारपाजारचे सर्व राउटर त्यांतच दाटीने वसलेले असतात, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच लहरी निर्माण करीत असल्याने तिच्यातून निसटणारा अल्पसा अंशही चित्र विस्कटून टाकण्यास पुरतो. रात्रीचे जेवण गरम होण्याची आणि नाटक रंगात येण्याची वेळ घरोघरी एकच असते.

येथे कास्टिंगचे वेगळेपण स्पष्ट होते. गूगलने जुलै २०१३ मध्ये क्रोमकास्ट हे संचाच्या एचडीएमआय खाचेत बसणारे उपकरण अमेरिकेत ३५ डॉलरला आणले आणि डिसेंबर २०१४ मध्ये ते भारतात २,९९९ रुपयांना मिळू लागले. या रीतीमागील एक महत्त्वाचे मानक डायल हे होय. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनी ते विकसित केले आणि हातातील यंत्राने दूरचित्रवाणीवरील योग्य ॲप शोधून सुरू करावे एवढेच त्याचे मर्यादित काम आहे. पत्ता मिळाला की उपकरण स्वतः सेवेच्या सर्व्हरशी बोलते, आधीच आवळलेला कार्यक्रम एकदाच उलगडते, आणि हवेतून एकच फेरा होतो. लॅपटॉप उरतो तो थांबवणे, पुढे नेणे, आवाज वाढवणे अशा सूचनांपुरता. नळ जोडून दिल्यावर घागरी वाहणाऱ्याने बाजूला व्हावे, तसे संगणकाने येथे बाजूला व्हायचे असते.

तथापि कास्टिंगचा मोठा लाभ फेरे कमी होण्यापेक्षाही साठ्यात आहे, आणि त्याची चर्चा सहसा होत नाही. मागणीनुसार मिळणारा कार्यक्रम काही सेकंदांच्या लहान तुकड्यांत कापून ठेवलेला असतो व प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत उपलब्ध असतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेले एचएलएस आणि २०१२ मध्ये प्रकाशित झालेले डॅश ही मानके याच तत्त्वावर उभी आहेत. उपकरण पुढचे तुकडे आधीच आणून स्वतःजवळ साठवते, याला बफर म्हणतात, आणि हवा खराब झाल्यास कमी दर्जाचा पुढचा तुकडा मागवून वेळ निभावते. मिररिंगला असा साठा करणे जवळजवळ अशक्य असते, कारण लॅपटॉपच्या पडद्यावर पुढच्या अर्ध्या मिनिटात काय उमटणार हे पाठवणाऱ्या प्रणालीला ठाऊक नसते. तिला जे घडत आहे तेच तत्काळ पोहोचवायचे असते. परिणामी तीच मायक्रोवेव्ह भट्टी, तीच भिंत आणि तेच शेजारचे राउटर कायम असतानाही लेखकाच्या घरात पत्ता पाठवून लावलेले नाटक अखंड चाले.

वापरणाऱ्याचा गोंधळ होतो तो मात्र येथेच, कारण ब्राउझरच्या मेनूतील कास्टचा पर्याय दिसायला एकच असतो. संकेतस्थळाने कास्टिंगची सोय केलेली असेल तर त्या पर्यायातून पत्ता जातो, नसेल तर निमूटपणे टॅबचे चित्र जाऊ लागते, आणि यांतले काय घडत आहे हे घरातील माणसाला कळेल अशा भाषेत सांगितले जात नाही. ही उणीव गंभीर मानली पाहिजे. लेखकाच्या घरी त्यावर एक साधी कसोटी रूढ झाली: कार्यक्रम सुरू झाल्यावर टॅब बंद करून पाहायचा, पडद्यावरील चित्र चालूच राहिले तर पत्ता गेला आहे आणि चित्रही नाहीसे झाले तर लॅपटॉपच ओझे वाहत आहे, असे समजायचे.

काही वेळा आवाज येतो पण पडदा काळा राहतो, आणि याचे कारण हवेत नसून कार्यक्रमाला घातलेल्या कुलपात असते. एका सेवेवरील मराठी चित्रपट मिररिंगने लावताना लेखकाच्या घरी हा अनुभव वारंवार आला. सशुल्क कार्यक्रम कूटबद्ध रूपात पाठवले जातात आणि ते उलगडण्याची जबाबदारी वाइडवाइनसारख्या संरक्षक प्रणालीकडे असते; तिच्या सर्वांत वरच्या स्तरात चित्र यंत्राच्या सुरक्षित भागातच उलगडले जाते, त्यामुळे पडदा टिपणाऱ्या प्रणालीच्या हाती चित्राच्या जागी रिकामा चौकोन लागतो. संच आणि उपकरण यांच्यामधील एचडीएमआय जोडणीवरही एचडीसीपी नावाचे असेच कुलूप असते. निर्मात्यांच्या हक्कांचे रक्षण झालेच पाहिजे, याविषयी लेखकाच्या मनात किंतु नाही; परंतु रीतसर वर्गणी भरणाऱ्या कुटुंबाला आपल्याच घरातील मोठ्या पडद्यावर तो कार्यक्रम पाहता येऊ नये आणि कारण सांगणारे एक वाक्यही पडद्यावर उमटू नये, हे न्याय्य म्हणता येत नाही.

घराबाहेर हे उपकरण नेल्यास आणखी एक अडथळा येतो. लॅपटॉप आणि उपकरण एकमेकांना ओळखतात ते एमडीएनएस या पद्धतीने, म्हणजे एकाने नेटवर्कमधील सर्वांना उद्देशून हाक द्यायची आणि दुसऱ्याने ओ द्यायची. अतिथिगृहे आणि वसतिगृहे येथील वायफायवर सुरक्षिततेसाठी प्रत्येक पाहुण्याचे यंत्र इतरांपासून अलग ठेवलेले असते, म्हणून हाक पोहोचतच नाही. ही अलगता योग्यच आहे, अन्यथा कोणीही कोणाच्याही खोलीतील पडदा चालवू शकला असता. सोबत स्वतःचा लहान राउटर नेणे हा त्यावरील सरळ उपाय ठरतो.

घरातील व्यवस्था स्थिरावली ती तीन बदलांनंतर. राउटर आतल्या खोलीतून दिवाणखान्यात आणला गेला. उपकरण ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडले गेले. हा पट्टा भिंती फारशा ओलांडू शकत नाही, पण एकाच खोलीत तो मोकळा व वेगवान असतो, आणि २०१३ च्या पहिल्या क्रोमकास्टमध्ये तो नव्हता, २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. तिसरा बदल संचाच्या सेटिंगमधील एचडीएमआय-सीईसी ही सोय सुरू करण्याचा होता, आणि घरातील माणसांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा ठरला. या सोयीमुळे एचडीएमआयने जोडलेली यंत्रे एकमेकांना आज्ञा देऊ शकतात: कास्टिंग सुरू होताच संच आपोआप चालू होऊन योग्य इनपुटवर जातो, आणि संचाच्या जुन्या रिमोटवरील थांबवण्याचे बटण चालू कार्यक्रमालाही लागू पडते. लेखकाची आई लॅपटॉपला हात लावत नाही. पण दाराची घंटा वाजली की नाटक स्वतः थांबवून उठणे आणि परतल्यावर तेथूनच पुढे पाहणे तिला जमू लागले, आणि काय पाहायचे ते सांगणे तिच्याकडे होतेच, आता पाहण्यावरचा ताबाही तिच्या हाती आला.

टिकाऊपणाचा प्रश्न मात्र या रीतीत सुटलेला नाही. पत्ता समजून घेणारे उपकरण सर्व्हर, ॲप आणि प्रमाणपत्रे यांवर विसंबून असते, त्यामुळे त्याचे आयुष्य त्यातील सुट्या भागांच्या झिजेवर ठरत नाही. क्रोमकास्टच्या पहिल्या आवृत्तीला मिळणारे अद्ययावतीकरण २०२३ मध्ये थांबले, २०२४ मध्ये गूगलने या मालिकेचे उत्पादन बंद केल्याचे जाहीर केले, आणि मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपल्यामुळे दुसऱ्या आवृत्तीची उपकरणे जगभर काही दिवस निकामी झाली होती. संचाचा पडदा याहून कितीतरी अधिक काळ चालतो. म्हणून जुना पण उत्तम चित्र देणारा संच केवळ इंटरनेटअभावी मोडीत काढण्याऐवजी त्याच्या एचडीएमआय खाचेत बदलता येण्याजोगे स्वस्त उपकरण लावणे, आणि सेवा बंद पडेल त्या दिवशी संच तसाच ठेवून तेवढेच बदलणे, हा मार्ग लेखकाच्या घराने पत्करला आहे. मिररिंगचा पर्यायही तेथे कायम ठेवलेला आहे, कारण घरगुती समारंभांची जुनी चित्रीकरणे लॅपटॉपमध्येच साठवलेली असून त्यांना पाठवण्याजोगा पत्ता नाही.