पणाला काय लावलंय?

५ ऑक्टोबर, शनिवार

पुढच्या रविवारी आमच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळातली पार्टी घाट उतरून गावात शिरणार आणि नेमकी त्याच दिवशी तिथे देवीची जत्रा. पावसाळाभर ही मंडळी अंधाऱ्या भुयारांत सांगाडे बडवत होती. आता जरा माणसांत येऊ देत. भाच्याने आजच विचारून ठेवलं, "मावशी, जत्रेत जुगार असेल ना?" त्याचा हाफलिंग चोर आहे, तेव्हा प्रश्न रास्तच.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकांत काय दिलंय ते पुन्हा काढून वाचलं. 'झॅनथार्स गाइड टू एव्हरीथिंग' (२०१७) मधला नियम असा: रक्कम लावायची आणि तीन चाचण्या द्यायच्या. समोरच्याला ओळखणं, थाप पचवणं, दमात घेणं. दर वेळी गाठायचा आकडा म्हणजे ५ अधिक दोन दहापैलू फाशांची बेरीज. तिन्ही जमल्या तर दुप्पट कमाई, दोन जमल्या तर दीडपट. एकच जमली तर निम्मी रक्कम गेली. एकही नाही जमली तर सगळी गेली आणि वर तेवढंच कर्ज.

आठवडाभराचा जुगार दोन मिनिटांत उरकतो. हिशेबाला सोयीचं, पण खेळाडूला फासा टाकण्यापलीकडे ठरवायचं काहीच नाही. 'थ्री-ड्रॅगन अँटी' (२००५) हा पत्त्यांचा डाव टेबलावर खरोखर खेळता येतो. पण मग पत्ते चांगले खेळणारा माणूस जिंकतो, त्याचं पात्र बसतं बघत. मधली वाट शोधायला हवी.

७ ऑक्टोबर, सोमवार

ताकदीच्या स्पर्धांचं गणित मांडलं. २०१४ च्या नियमांप्रमाणे दोघांनी वीसपैलू फासा टाकायचा, आपापला गुण मिळवायचा, जास्त येईल तो जिंकला. आमचा ड्वॉर्फ फायटर +४, समोर गावातला साधा गडी शून्य. फाशांच्या ४०० जोड्यांपैकी २६४ मध्ये ड्वॉर्फ जिंकतो, १६ मध्ये बरोबरी, १२० मध्ये हरतो. म्हणजे पंजा लढवताना आमचा पहिलवान शेकडा ३० वेळा कुणाही गड्याकडून आडवा होणार. तीनपैकी दोन डाव ठेवले आणि बरोबरीचे पुन्हा खेळवले तर विजय शेकडा ७७ पर्यंत जातो. सुधारणा आहे, पण रंगत तेवढीच.

त्यापेक्षा जेजुरीचा खंडा बरा. मर्दानी दसऱ्याला गडावर ४२ किलोची तलवार एका हाताने तोलून धरतात, कुणी दातांत धरून उचलतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो. वजन असतं आणि बघणारं गाव असतं. तेच घेतलं, तीन पायऱ्या केल्या. उचलणं: १२. हात ताठ करून धरणं: १५. दातांत धरणं: १८. प्रत्येक पायरीनंतर थांबता येईल आणि मिळालेला मान पदरात पाडून घेता येईल. पुढे गेलं आणि खंडा पडला तर आधीचं सगळं गेलं. शिवाय रात्रभर पालखीला खांदा. ड्वॉर्फला पायरीनुसार शेकडा ६५, ५० आणि ३५ संधी. तिन्ही ओळीने जमण्याची शक्यता ११ च्या आसपास. आता कुठे थांबायचं हा प्रश्न तयार झाला.

९ ऑक्टोबर, बुधवार

जुगाराला झंडी-मुंडा. सहा चिन्हांचा पट, तीच चिन्हं असलेले फासे. मुकुट आणि नांगर असलेला जवळपास हाच खेळ ब्रिटिश खलाशी 'क्राउन अँड अँकर' म्हणून खेळत, तीन फाशांवर. तीनच घेतले. चिन्हं आमच्या जगातली: नाग, सूर्य, कासव, कुऱ्हाड, कमळ, मुखवटा. आपलं चिन्ह एका फाशावर आलं तर एकपट, दोनांवर दुप्पट, तिन्हींवर तिप्पट.

बघताना वाटतं खेळ सरळ आहे: सहा चिन्हं, तीन फासे, निम्मी संधी. तिथेच गिऱ्हाईक फसतं. एकूण २१६ शक्यता. १२५ मध्ये पैसे जातात, ७५ मध्ये एकपट मिळतात, १५ मध्ये दुप्पट, एकीत तिप्पट. एकेक नाणं लावत २१६ डाव खेळले तर सरासरी १७ नाणी पटवाल्याची. शेकड्याला जवळजवळ आठ, तेही लबाडी न करता. पण आमचा पटवाला तेवढ्यावर भागवणारा नाही. त्याचा एक फासा भरलेला: त्यावर १, २ किंवा ३ काहीही आलं तरी नाग धरायचा. लक्ष असेल त्याला दिसेल.

१० ऑक्टोबर, गुरुवार

रात्री सभापर्व उघडलं. द्यूताचा प्रसंग डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, नजरेने वाचला तर एक गोष्ट ठळक दिसते: व्यास फाशांवर जवळपास वेळच घालवत नाहीत. वर्णन सगळं पणाचं. मोती, रथ, दासी, हत्ती, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. फासा पडतो तो एका ओळीत, आणि शकुनी जिंकल्याचं सांगून मोकळा होतो. श्वास अडकतो तो पुढे काय लावणार या विचाराने.

वनपर्वात नळाचंही तेच, फक्त एक फरक. सगळं हरल्यावर पुष्कर सुचवतो, आता दमयंतीला लाव. नळ संतापतो, पण लावत नाही. दागिने उतरवून अंगावरच्या एका वस्त्रानिशी निघून जातो. पुढे ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून परत येतो आणि राज्य जिंकतो. पटावरून उठता आलं, म्हणून त्याची गोष्ट पुढे चालली.

मग आमच्या पटवाल्याला सोन्याच्या नाण्यांत रस कशाला? दोन डाव पैशांचे, नंतर तो माणूस मागेल. पार्टीतला एक जण वर्षभर जामीन. बदल्यात, ज्या बंडखोराला ही मंडळी शोधत आहेत त्याचा ठावठिकाणा.

१२ ऑक्टोबर, दसरा

पाटीपूजनाला भाच्याने पुस्तकांशेजारी फाशांची पिशवीही मांडली. ताईने काही न विचारता हळदकुंकू वाहिलं. पांढऱ्या वीसपैलू फाशाच्या कोरलेल्या आकड्यांत हळद बसली, ती आता निघत नाही. त्याला त्याचं कौतुकच.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर झंडी-मुंड्याचा पट पुठ्ठ्यावर रंगवला.

१३ ऑक्टोबर, रविवार

ड्वॉर्फ चालवणारा आमचा वकील मित्र. खंडा उचलला, हात ताठ करून धरला, तिसरी पायरी समोर. बाकीचे टेबल बडवत होते, "दातांत! दातांत!" त्याने शांतपणे फासा बाजूला ठेवला. "पक्षकार इथेच थांबू इच्छितो." मानाचा फेटा बांधून घेतला. शिव्या खाल्ल्या, पण फेटा राहिला.

भाच्याच्या हाफलिंगने भरलेला फासा हेरला. मला वाटलं आरडाओरडा करेल. तो गप्प राहिला आणि नागावर लावत सुटला. दोन्ही डाव जिंकला. मग पटवाल्याने जामीन मागितला. हाफलिंग म्हणाला, "आमची क्लेरिक घ्या. नाग आला नाही तर ती राहील."

क्लेरिक खेळणारी डॉक्टर चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मला लावणारा तू कोण?"

त्यानंतर बराच वेळ फाशाला कुणी हात लावला नाही. वाद झाला, जुनी उसनवारी निघाली, उठून जावं असंही दोघांचं मत पडलं. अखेर हाफलिंगने स्वतःलाच लावलं. त्या भरलेल्या फाशासह नाग न येण्याची शक्यता शेकडा ३५ होती. आले कासव, कमळ, कासव.

पटवाल्याने जिंकूनही ठावठिकाण्यातला निम्मा भाग सांगितला, बाकीचा जामीन किती राबतो त्यावर. पुढच्या रविवारी हाफलिंग पटाच्या दुसऱ्या बाजूला बसेल, गिऱ्हाइकं त्याच्यासमोर. घरी पोचल्या पोचल्या भाच्याचा मेसेज: "मावशी, १७ नाण्यांचा तो हिशेब पाठव. मला आता मालकासाठी कमवायचंय."