कशी बंद पडली?

जुनी डिझेल पिकअप रस्त्यात बंद पडली की लोक विचारतात, का बंद पडली? आमच्या गावच्या मिस्त्रींचा प्रश्न वेगळा असतो. कशी बंद पडली?

या गाड्यांना कॉम्प्युटर नाही आणि डिझेल इंजिनाला ठिणगीही लागत नाही. डिझेल, हवा आणि दाब, एवढ्यावर ते चालतं. त्यामुळे बंद पडायच्या तऱ्हाही मोजक्याच. चढाला झटके खात, दम तोडत थांबली तर बहुधा डिझेल फिल्टर चोंदलेला असतो. सकाळी चालू झाली आणि मिनिटभरात बंद पडली तर पाइपात कुठूनतरी हवा शिरत असते. क्लिप सैल झालेली असते किंवा वॉशर गेलेला असतो. दिवा विझावा तशी एका क्षणात गेली, तर पंपावरच्या सोलेनॉइडची वायर आधी तपासायची.

आमची गाडी यातल्या कशातच बसत नव्हती. दादा नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने कल्याणला जातो. तासाभराने गाडी मलूल व्हायची, बंद पडायची. पंधरा मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशी चालू. शहरातल्या एका गॅरेजने फिल्टर बदलला, मग पंप उतरवायला सांगितला. तो खर्च म्हणजे दोन-तीन तोड्यांचे पैसे.

पण खरी भीती घाटाची होती. इंजिन फिरायचं थांबलं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीनदा नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. म्हणून मिस्त्रींनी बजावलं होतं, उतारावर बंद पडली तर क्लच दाबायचा नाही. गिअरमध्ये असेपर्यंत चाकंच इंजिन फिरवतात. दादा हे पाठ करून जायचा. कल्याणहून त्याचा फोन येईपर्यंत वहिनीला झोप लागायची नाही.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. दादाला विचारलं, "टाकी फुल असली की लवकर बंद पडते, का कमी असली की?"

"फुल असली की."

मिस्त्रींनी टाकीचं झाकण काढलं. हवा आत यायला त्याला बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं होतं. डिझेल खाली जाई, पण त्याच्या जागी हवा येत नसे. टाकी आतून ओढून धरायची आणि पंप उपाशी राहायचा. भरल्या टाकीत वर हवा थोडी, म्हणून तिथे ओढ लवकर धरे. तारेने भोक मोकळं केलं, काम संपलं.

फुल टाकीची गोष्ट दादाला कित्येक महिने माहीत होती. त्याला कुणी विचारलीच नव्हती. गॅरेजात बॉनेट उघडलं की ड्रायव्हरला चहाला पाठवतात.

आता तो दर आठवड्याला फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढतो, एअर क्लीनर झटकतो, बॅटरीची टोकं घासतो, झाकणाचं भोक बघतो. डॅशबोर्डवर एक वहीही ठेवली आहे. गाडी अडखळली की त्यात लिहितो: टाकी किती, चढ का उतार, इंजिन गार का गरम, हळूहळू का एकदम. मिस्त्री आधी ती वही मागतात, मग पाना.